ग्रुपवरच्या मंडळींना पहिल्यांदा जेवायला भेटताय? मग हे आधी वाचा

आमचा गच्चीवरच्या बागेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, कुणाच्या मिरचीवर बोकड्या (पानं मुरडतात तो रोग) आलाय ते सगळ्यांना पाठ, पण तीन वर्षं कुणी कुणाचा चेहरा बघितला नव्हता. आता चार वेळा भेटून झालंय, चारही भेटी मीच जमवल्यात, म्हणून लिहितेय.

पहिल्या भेटीला थाळीवाल्या हॉटेलात जाऊ नका. आम्ही गेलो होतो, रविवारी दुपारी एकला, सात जण. पाऊण तास बाहेर उभे, मग चार जण एका टेबलावर आणि तिघं पार दुसऱ्या टोकाला, आणि दर दोन मिनिटांनी वाढपी येऊन भाजी देऊ का आमटी देऊ का, बोलणार कधी? त्यापेक्षा जिथे आपलं आपण मागवता येतं आणि निवांत बसू देतात तिथे साडेअकरापर्यंत पोचा. आदल्या दिवशी फोन करून टेबल राखून ठेवतात का विचारा, रविवारी बरेच जण ठेवत नाहीत. आणि पाच-सहा जणच बरे, आठ झाले की टेबलाचे दोन ग्रुप होतातच.

मुंबईत असाल तर दादर पश्चिम सगळ्यांना सोयीचं, वेस्टर्न आणि सेंट्रल दोन्हीवाले येतात. फक्त रविवारचा मेगाब्लॉक आदल्या दिवशीच बघून ग्रुपवर टाका, सेंट्रल-हार्बरला साधारण अकरा ते चार असतो म्हणजे नेमकी आपलीच वेळ. आणि 'एक नंबरवर भेटू' असं अजिबात ठरवू नका, डिसेंबर २०२३ पासून दादरला सेंट्रलचे प्लॅटफॉर्म ८ ते १४ झालेत पण जुन्या लोकांच्या तोंडात जुनेच नंबर आहेत. सरळ हॉटेलच्या दारात भेटा.

कालनिर्णय उघडून त्या दिवशी संकष्टी नाही ना तेवढं बघा. श्रावण कोण पाळतं, जैन कोण, हे आधीच विचारून घ्या, तिथे जाऊन कुणाला नुसतं ताक पिऊन बसायला लागलं की फार वाईट वाटतं.

आता खरा अवघड भाग. ज्याला तीन वर्षं 'अरे काय रे' करत होतो तो समोर बासष्ट वर्षांचा काका निघतो, आणि आपली जीभच अडते. माझं असंच झालं, मी एकदम 'अहो' वर गेले आणि त्यांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, तिकडे अरे म्हणतेस ना, इथेही म्हण. तेव्हापासून मी आदल्या रात्रीच ग्रुपवर विचारते, कुणाला काय हाक मारायची, खरं नाव चालेल का ग्रुपवरचंच. काही जणांना खरं नाव सांगायचं नसतं, तिथे खोदून विचारू नका. नोकरी, लग्न, मुलं हे प्रश्नही आपणहून नकोत.

जे ग्रुपवर भरभरून लिहितात ते समोर आले की बरेचदा गप्प होतात. आमच्यातली एक जण पहिला अर्धा तास नुसती पेपर नॅपकिनच्या घड्या घालत होती. मग तिने पिशवीतून ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली ब्रह्मकमळाची पानं काढली, प्रत्येकाला एक, आणि पान मातीत किती खोल खोचायचं ते सांगायला लागली ती थांबेचना. म्हणून अशा माणसाला टोकाला बसवू नका, ज्याच्याशी त्याचं ग्रुपवर जास्त जमतं त्याच्या शेजारी बसवा, आणि येताना हातात काहीतरी छोटंसं आणायला सांगा, रोप, बिया, घरचं लोणचं, काहीही.

बायकांसाठी, खरं तर सगळ्यांसाठीच: आधी एक व्हिडिओ कॉल कराच. घरी सांगून निघा, व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन आठ तासांपर्यंत ठेवता येतं ते घरच्या कुणाला तरी पाठवा. येणं-जाणं आपलं आपण, पहिल्याच भेटीत कुणाच्या गाडीत बसायचं नाही. कुणी पैसे गुंतवायची स्कीम काढलीच तर तिथल्या तिथे विषय बंद करा.

बिल टीटीएमएम, एकाने भरायचं आणि बाकीच्यांनी उठायच्या आधीच यूपीआय करायचं. फोटो विचारूनच काढा आणि ग्रुपबाहेर टाकायच्या आधी परत विचारा.

आणि जेवण झाल्यावर लगेच पांगू नका, आम्ही शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर जाऊन बसतो, ऊन असलं तर झाडाखाली जागा शोधायची, काका तिथेच रोपांच्या पिशव्या उघडतात आणि मग पाच कधी वाजतात कळत नाही.