डॉक्टरांना नुसतं ‘पित्त झालंय’ सांगू नका

‘पित्त’ हा एकच शब्द आपण किती तक्रारींना वापरतो बघा: घशाशी आंबट येणं, कडू उलटी होणं, अर्धं डोकं ठणकणं, अंगावर गांधी उठणं. प्रत्येकाचं औषध वेगळं. म्हणून आजाराचं नाव आपणच ठेवू नये, नेमकं काय होतंय ते सांगावं.

‘चक्कर येते’चंही तसंच. आजूबाजूचं गरगर फिरतं, की झटकन उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, की चालताना तोल जातो? गरगरण्यामागे बऱ्याचदा कानाच्या आतल्या भागातला बिघाड असतो, तर उठल्यावर येणारी अंधारी बीपी उतरल्याने असू शकते. सगळ्यांत घातकी शब्द ‘गॅस’, कारण त्याआड हृदयाचं दुखणं लपू शकतं. छातीच्या मधोमध दाब येतो, जिना चढताना वाढतो, थांबलं की ओसरतो, हाताकडे किंवा जबड्याकडे सरकतो, तर हेच शब्द डॉक्टरांना सांगा. बसल्या जागी असं दुखून घाम फुटला, तर ओपीडीची वाट बघू नका. 108ला फोन करा.

जाण्याआधी अर्ध्या पानावर लिहून काढा: कधीपासून, रोज की अधूनमधून, कशाने वाढतं, कशाने कमी होतं, आधी काय घेतलं. ज्याची सर्वांत जास्त धास्ती वाटते ते पहिल्याच वाक्यात सांगा. पुष्कळ जण खुर्चीतून उठताना ‘अजून एक, शौचातून रक्त जातं’ म्हणतात, तोवर पुढचा पेशंट आत आलेला असतो.

घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून न्या. काढे, चूर्णं आणि मनाने घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्यासुद्धा, कारण या गोळ्या रोज घेतल्या तर किडनीवर ताण येतो. स्ट्रिपवर मुदत, आणि कधीकधी नावही, एकाच टोकाला छापलेलं असतं. ते टोक कापून गेलं, की उरलेल्या चार गोळ्या कसल्या किंवा कुठवर चालतील हे सांगता येत नाही. म्हणून गोळ्या दुसऱ्या टोकाकडून काढा.

चुकलेले डोस लपवू नका, हे कळकळीने सांगणं आहे. बीपीची गोळी आठवड्यातून तीनच दिवस घेतली आणि ‘रोज घेतो’ म्हणालात, तर गोळी कमी पडतेय असं समजून डॉक्टर डोस वाढवतील. मग तो वाढीव डोस नेमाने घेतलात, की बीपी एकदम खाली जाऊन पडायला होऊ शकतं. पैसे पुरत नाहीत हेही मोकळेपणाने सांगा. स्वस्त जेनेरिक गोळी बऱ्याचदा मिळते.

सोबत एकच माणूस न्या, पण तक्रार पेशंटलाच सांगू द्या. पांढरं जाणं, लघवीवर ताबा नसणं हे मुला-सुनेसमोर आई बोलत नाही. तेव्हा ‘दोन मिनिटं एकटीशी बोला’ असं डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा.

निघण्याआधी चिठ्ठी हातात धरून म्हणा, ‘डॉक्टर, मी सांगतो, बरोबर आहे का बघा: ही उपाशीपोटी, नाश्त्याच्या अर्धा तास आधी, ही जेवणानंतर, दोनदा, पाच दिवस.’ नुसती मान हलवली, तर घोटाळा घरी गेल्यावर कळतो. आणखी एक विचारून घ्या: काय झालं तर ठरलेल्या तारखेआधी यायचं?

ॲडमिट राहिला असाल तर केसच्या कागदांच्या प्रती लेखी अर्ज करून मागा. 2002च्या वैद्यकीय आचारनियमांप्रमाणे त्या 72 तासांत द्याव्या लागतात. पुढच्या डॉक्टरांकडे जाताना डिस्चार्ज कार्ड सगळ्यांत वर ठेवा.