‘टेबल’वरून उडालेला गोंधळ

नोकरीचा पहिला महिना. घर इंदूरच्या रामबागेत, ऑफिस सुपर कॉरिडॉरवर, क्लायंट अमेरिकेतला. रात्री नऊच्या कॉलवर तिकडचे साहेब म्हणाले, “लेट्स टेबल दिस.” मला वाटलं, उद्या याच विषयावर बोलायचंय. आपल्याकडे संसदेत कागद पटलावर ठेवतात, तसंच काहीतरी. दोन वाजेपर्यंत जागून स्लाइड्स केल्या. दुसऱ्या दिवशी कळलं, विषयच पुढे ढकललाय! ब्रिटिश इंग्रजीत ‘टेबल’ करणं म्हणजे चर्चेला घेणं, अमेरिकेत नेमकं उलट, बाजूला ठेवणं. तेव्हापासून वाक्प्रचार कानावर पडला की बोलणारा कुठला, हे मी आधी बघते. तुम्हीही बघा.

आणि याद्या पाठ करू नका. मी केल्या होत्या, ऐन वेळी एक आठवला नाही. मग वही घातली. ऐकलेलं वाक्य अख्खं लिहायचं, कोण कशावरून म्हणालं तेही, आणि खाली अशा वेळी आपल्या घरात काय म्हणतात ते. ‘अंडर द वेदर’खाली मी लिहिलं, ‘अंगात कसर आहे’. ‘सिटिंग ऑन द फेन्स’ म्हणजे सरळ ‘तळ्यात-मळ्यात’. ‘वन्स इन अ ब्लू मून’ला आधी बाजारातलं ‘ईद का चाँद’ लिहिलं होतं, पण ते क्वचित भेटणाऱ्या माणसाला म्हणतात. खोडून ‘सठीसहामासी’ केलं. अशी खाडाखोड झाली की अर्थ पक्का बसतो.

‘मीट युअर वॉटर्लू’ मात्र आजोबांनी सोडवून दिलं. “अगं, आपण पानिपत झालं म्हणतो ना, तेच.” वॉटर्लूला १८१५ मध्ये नेपोलियन हरला तो कायमचाच. १७६१चं पानिपत होळकरांच्या गावात वेगळं सांगावं लागत नाही.

‘बॉलपार्क फिगर’ला फसू नका. बेसबॉलच्या मैदानावरून आलेला शब्द. मागतात तो ढोबळ आकडा, आणि तोही लगेच. मी दोन दिवस घालवून पैशापर्यंतचा हिशेब पाठवला होता. पण ढोबळ म्हणजे अंदाजपंचेही नव्हे, थोडा आधार हवाच.

स्वतः वापरायची घाई नको, दोन-चारदा ऐकू द्या. आणि अडलं तर तिथल्या तिथे साध्या इंग्रजीत विचारा: “डू वी डिस्कस इट टुमॉरो, ऑर लेटर?” मी पुढच्या वेळी विचारलं, तर साहेबांनीच माफी मागितली, आणि त्या दिवसापासून आमच्या कॉलवर ते ‘पोस्टपोन’ म्हणू लागले.