रायटर वारंवार बंद पडत होता : माझा अनुभव

सोसायटीच्या वार्षिक सभेचे इतिवृत्त लिब्रेऑफिस रायटर या मजकूर लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये लिहीत असताना थकबाकीच्या तक्त्यापाशी पान खाली सरकवले, की खिडकी क्षणभर पांढरी होऊन प्रोग्रॅम बंद पडत असे. प्रोग्रॅम काढून पुन्हा बसवला, फाइल नव्या नावाने जतन केली, एक संशयित देवनागरी फॉन्टही काढला, उपयोग शून्य. दोन संध्याकाळी अशाच वाया गेल्या.

शेवटी 'हेल्प' मेनूतील 'रीस्टार्ट इन सेफ मोड' निवडून तीच फाइल उघडली, तेव्हा ती सुरळीत चालली. या अवस्थेत आपली जुनी मांडणी, एक्स्टेन्शन्स (वरून जोडलेल्या जादा सोयी) आणि हार्डवेअर अ‍ॅक्सलरेशन (पडद्यावरचे चित्र ग्राफिक्स कार्डाकडून काढून घेण्याची सोय) तात्पुरते बाजूला राहत असल्यामुळे दोष फाइलमध्ये नाही, हे तिथेच स्पष्ट झाले. एक्स्टेन्शन मी एकही बसवलेले नव्हते, म्हणून संशय ग्राफिक्स कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, म्हणजे ड्रायव्हरवर गेला.

मग प्रोग्रॅम नेहमीप्रमाणे सुरू करून, आधी कोरे पान उघडून (अडचणीची फाइल मुळीच उघडू नये), 'टूल्स', 'ऑप्शन्स', 'लिब्रेऑफिस', 'व्ह्यू' या क्रमाने गेलो, 'फोर्स स्किआ सॉफ्टवेअर रेंडरिंग' (पडद्यावरचे चित्र ग्राफिक्स कार्डाऐवजी प्रोसेसरकडून काढून घेण्याचा पर्याय) समोर खूण केली, 'ओके' दाबले आणि प्रोग्रॅम पूर्ण बंद करून पुन्हा उघडला. तक्ता आता शेवटच्या ओळीपर्यंत सरकतो.