कोणतं औषध किती दिवस टिकलं, याची वही

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार आहे. खानापूर तालुक्यात आमचं घर. बारा वर्षांत त्याची चार औषधं बदलली. "आधीचं का बंद झालं?" असं डॉक्टर विचारायचे आणि मला धड सांगता यायचं नाही. म्हणून वही घातली. घरात असा रुग्ण असेल तर तुम्हीही घाला.

एका औषधाला एक पान. वर नाव, डोस, सुरू केल्याची तारीख. बंद झालं की ती तारीख आणि कारण: गुण आला नाही, त्रास झाला, नको म्हणाला, की दुकानात मिळालं नाही.

कारण त्याच्याच शब्दांत लिहा. आमच्याकडे पाकिटं वेळेवर संपायची, पण एकदा तांदळाच्या पोत्यामागे सतरा गोळ्या सापडल्या. मी ओरडले नाही, जवळ बसून विचारलं. "अक्का, ती खाल्लो की पाय एका जागी ठरत नाहीत." त्याची ती येरझार मी आजारच समजत होते! ती गोळी रिस्पेरिडोनची, तिनं असं होऊ शकतं. डॉक्टरांनी डोस कमी केला, येरझार थांबली. आपल्या मनानं मात्र गोळी कमी किंवा बंद करू नका.

अमेरिकेत 2005 साली प्रसिद्ध झालेल्या स्किझोफ्रेनियाच्या मोठ्या अभ्यासातही कोणतं औषध किती टिकतं, हेच मोजलं होतं. 18 महिन्यांत 74 टक्के रुग्णांचं पहिलं औषध सुटलं. ओलान्झापिन त्यातल्या त्यात टिकलं, 64 टक्क्यांचं सुटलं. क्वेटियापिन 82 टक्क्यांचं. पण वजन सर्वांत जास्त ओलान्झापिननंच वाढवलं. म्हणून दर महिन्याचं वजनही पानावर हवं.

दोन औषधं एकामागून एक, पुरेसा डोस, पुरेसे आठवडे घेऊनही गुण नसेल, तर डॉक्टर क्लोझापिन या औषधाचा विचार करतात. ते घेताना सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं. औषध लागू पडलं नाही की पोटात गेलंच नाही, हा फरक तिथे फार मोलाचा. पोत्यामागच्या सतरा गोळ्या लपवू नका, डॉक्टरांना सांगा.

गोळी रोज चुकत असेल तर इंजेक्शनचं विचारा. काही दोन ते चार आठवड्यांनी, काही महिन्यातून एकदा असतात. चुकलं तर त्याच दिवशी कळतं.

आणि पाकिटाचा नाव असलेला तुकडा पानावर चिकटवा. बेळगाव असो की धारवाड, डॉक्टर कन्नड बोलणारे असले तरी तो वाचता येतो.