मृगाआधी घराकडं बघा: वीज कुठून आत येते?

ढग गडगडले की आपण वावर सोडून घराकडं पळतो. बरोबरच आहे, झाडाखाली थांबण्यापेक्षा घर कधीही बरं. पण घरात शिरलं म्हणजे सुटलो, असं नाही.

छपरावर पडलेली वीज जमिनीत जायला मिळेल ती वाट धरते, आणि ती वाट बहुतेक वेळा आपणच बांधून ठेवलेली असते. टिनाच्या वळचणीपासून अंगणातल्या निंबापर्यंत ताणलेली, कपडे वाळत घालायची लोखंडी तार बघा. निंबावर पडलेली वीज तिच्यावरून थेट पत्र्यात येते. आजच ती काढून नायलॉनची दोरी बांधा.

दुसरी वाट खांबावरून येणाऱ्या वायरची. टीव्ही, फ्रीज, चार्जिंगला लावलेला मोबाईल, सगळं तिच्याच टोकाला. स्टॅबिलायझर आणि एमसीबीच्या भरवशावर राहू नका. गडगडाट जवळ यायच्या आधीच प्लग काढा. वीज चमकल्यापासून आवाजापर्यंतचे सेकंद मोजा, 3 सेकंदांना साधारण 1 किलोमीटर. 30 च्या आत आवाज आला तर मोटारीच्या स्टार्टरलाही हात नको. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास घरातच थांबा.

भिंतीला पाठ टेकून बसू नका. ओल्या भिंतीतून वीज गेली की आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि गिलावा फुटून उडतो. खिडकीचे गज, नळ यांपासूनही लांब. कोठ्यातल्या बैलांना साखळीऐवजी दाव्यानं बांधा.

भाव वाढेल म्हणून कापूस अजून खोलीत पडून असेल, तर इकडं जास्त लक्ष द्या. वीज पडली आणि जाळ दिसला नाही, म्हणून निर्धास्त झोपू नका. कापूस आतल्या आत धुमसतो, काही तासांनीही पेट घेतो. वादळ सरलं की करपट वास येतो का बघा, कापसाचा ढीग उलथून हात घाला. गरम लागला तर तेवढा कापूस बाहेर काढून पाणी मारा.

कुणाला वीज लागलीच, तर त्याच्या अंगात करंट राहत नाही. बिनधास्त हात लावा. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 वेळा जोरात दाबा, दुसऱ्यानं 108 ला फोन करावा. शेणात पुरून ठेवण्यात जीव जातो. आणि ‘पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेला, होता म्हणून पडली’ ही चर्चा तर नकोच.

जनावर दगावलं तर पुरायची घाई करू नका. आधी तलाठ्याला कळवा. पंचनामा आणि पशुवैद्यकीय डॉक्टरांचा शवविच्छेदन अहवाल झाल्यावरच खड्डा खणा.