जुन्या गेमची किंमत आजच्या पैशांत कशी मोजायची

२००५ साली एक्सबॉक्स ३६० हा मायक्रोसॉफ्टचा कन्सोल (टीव्हीला जोडायचं गेम खेळण्याचं यंत्र) आला आणि अमेरिकेत मोठ्या नव्या गेमची किंमत ५० वरून ६० डॉलरवर गेली. ७० डॉलरचा टप्पा यायला २०२० उजाडलं. मधली पंधरा वर्षं छापील किंमत जागची हलली नाही, पण डॉलरची खरेदीशक्ती घटतच होती. म्हणून गेम महागले की स्वस्त झाले हे ठरवण्याआधी दोन्ही किमती एकाच वर्षाच्या पैशांत आणाव्या लागतात.

त्यासाठी तीन आकडे हवेत: गेम बाजारात आला तेव्हाची मूळ किंमत, त्या वर्षाचा ग्राहक किंमत निर्देशांक (सर्वसाधारण खरेदीच्या किमती किती वाढल्या ते सांगणारा आकडा) आणि ज्या वर्षाशी तुलना करायची त्याचा निर्देशांक. अमेरिकेचा निर्देशांक तिथल्या ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्स या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर मिळतो. शहरी ग्राहकांची, १९८२-८४ च्या किमतींची पातळी १०० धरलेली मालिका घ्या आणि दोन्ही वर्षांची वार्षिक सरासरी वापरा. एका वर्षाची सरासरी आणि दुसऱ्याचा एखादा महिना, अशी सरमिसळ नको.

मूळ किंमत × नव्या वर्षाचा निर्देशांक ÷ जुन्या वर्षाचा निर्देशांक.

२००५ चा निर्देशांक १९५.३, २०२४ चा ३१३.७. म्हणजे ६० × ३१३.७ ÷ १९५.३ = साधारण ९६ डॉलर. २०२४ मधला ७० डॉलरचा गेम त्यामानाने बराच स्वस्त ठरतो. जुन्या किमतीचं उत्तर मूळ आकड्यापेक्षा कमी आलं, तर बहुधा भागाकार उलटा झालाय.

खरी गफलत होते ती १९९० च्या दशकातल्या किमती मोजताना. १९९६ चा निर्देशांक १५६.९, त्या वर्षीचा ६० डॉलरचा, कार्ट्रिजवर (कन्सोलमध्ये खोचायच्या डबीत) मिळणारा ‘सुपर मारिओ ६४’ २०२४ च्या पैशांत १२० डॉलरचा भरतो. पण त्याच काळात सोनीच्या प्लेस्टेशन या कन्सोलचे डिस्कवरचे गेम ४० ते ५० डॉलरला मिळत. कार्ट्रिजमध्ये मेमरी चिप असे, काहींत गेम सेव्ह करायला बॅटरीही. डिस्क छापणं त्यापुढे अगदीच स्वस्त. म्हणजे डिस्क आल्यावर झालेल्या घसरणीमागे महागाईच नव्हे, माध्यमही होतं. दोन्हींची एकच सरासरी काढली तर हे कारण दिसेनासं होतं, म्हणून कार्ट्रिज आणि डिस्क वेगवेगळ्या रकान्यांत ठेवा.

सेलमधली किंवा वर्षभराने उतरलेली किंमत मूळ किंमत म्हणून धरू नका. आजच्या गेमला पुढे विकत घ्यावा लागणारा डीएलसी (गेममध्ये नंतर डाउनलोड करून घालायचा जादा भाग) असेल तर तो वेगळ्या रकान्यात लिहा. मूळ किमतीत मिसळला की तुलना बिघडते.

कन्सोललाही हेच सूत्र चालतं: १९७७ चा १९९ डॉलरचा अटारी २६०० (निर्देशांक ६०.६) २०२४ मध्ये १,०३० डॉलरच्या घरात जातो.

दुसऱ्या चलनात उत्तर हवं असेल तर आधी मूळ चलनात महागाई जोडा, मग ज्या वर्षाच्या पैशांत उत्तर काढलं त्या वर्षाच्या विनिमय दराने बदला. जुनी किंमत आजच्या दराने बदलून त्यावर दुसऱ्या देशाची महागाई लावली, तर येणाऱ्या आकड्याला काहीच अर्थ उरत नाही.