आमरसाच्या डब्यात पाणी उकळताना
किनाऱ्यावर मुक्कामाला जाताना पातेलं कशाला वागवायचं? आमरसाचा ८५० ग्रॅमचा रिकामा पत्र्याचा डबा घ्या. आतून चकचकीतच हवा; सोनेरी लेप असेल तर पाण्याला नको. धारदार कडा घासून बोथट करा, काठाखाली समोरासमोर भोकं पाडून तारेची कडी घाला. सुंभाची कडी नको, सुंभ जळतं. डबा रिकामा जाळावर कधीच ठेवू नका, आतली कथलाची कल्हई २३२ अंशांना वितळते.

जळणाला करवंट्याच घ्या, माझं ऐका. झावळी भपकन पेटते नि विझते. करवंटीचा निखारा टिकतो. चुलीला नदीतले ओले गोटे नकोत, तडकून उडतात. पाणी खळखळल्यावर १ मिनिट उकळू द्या. आणि खाडीचं पाणी उकळून गोडं होत नाही, विहिरीचंच भरा.